संगणकावरची ऊस-नोंद : अपेक्षा, निराशा आणि धडा

(ऊस विकास विभागाकडून)



गटवार सभांमधून अलीकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो. "साहेब, आता सगळं कॉम्प्युटरवर आहे म्हणता, मग आमची पाळी मागं का पडते?" प्रश्न रास्त आहे. कचेरीत टेबलाटेबलावर संगणक बसले, छापील पावत्या मिळू लागल्या, तरीही काही सभासदांना गट ऑफिसला हेलपाटे घालावे लागतात. या प्रश्नाला उभ्या उभ्या उत्तर देऊन भागत नाही. म्हणून या अंकात त्याचा सविस्तर विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

उसाची नोंद संगणकावर ठेवण्यासाठी जे साधन वापरतात त्याला डेटाबेस, म्हणजे माहितीसंच सांभाळणारे साधन म्हणतात. डेस्कटॉप संगणकावर चालणाऱ्या अशा एका साधनाने शेतकी विभागाची चांगलीच निराशा केली. साधन कोणत्या कंपनीचे होते हा भाग येथे गौण आहे. त्याने कुठे कुठे दगा दिला आणि त्यातून सभासदाने काय शिकावे, हे महत्त्वाचे. कारण नोंद चुकली तर कचेरीचा कागद बिघडतो, पण नुकसान मात्र शेतातल्या उसाचे होते.

१. नोंदीवर काय काय अवलंबून आहे?

तोडणीचा प्रोग्राम मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो. एक लागणीची तारीख आणि दुसरी उसाची जात. जुलै-ऑगस्टमधील आडसाली ऊस साधारण १६ ते १८ महिन्यांनी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील पूर्वहंगामी ऊस १४ ते १५ महिन्यांनी, आणि सुरू ऊस सुमारे १२ महिन्यांनी तोडणीस येतो. खोडवा ११ ते १२ महिन्यांत तयार होतो. या वयाच्या आधी ऊस तोडला तर साखर पुरती भरलेली नसते. वय उलटून गेले तर तुरा येतो, कांडी पोकळ पडू लागते, पांगशा फुटतात, वजन घटते आणि उतारा खाली येतो.

एवढ्यावर भागत नाही. १५ फेब्रुवारीपर्यंत तुटलेल्या उसाचाच खोडवा ठेवावा, अशी शिफारस आपण नेहमी ऐकतो. पाळी मार्चअखेर गेली की खोडवा उन्हाच्या तोंडी सापडतो, फुटवे कमी येतात. म्हणजे नोंदीतल्या एका आकड्याने यंदाचे वजन तर जातेच, शिवाय पुढच्या वर्षाच्या खोडव्यालाही झळ लागते.

क्षेत्राच्या आकड्यावर टनेजचा अंदाज, टनेजच्या अंदाजावर टोळ्यांची व वाहनांची वाटणी. सभासद क्रमांकावर वजनाची पावती, पावतीवर बिल. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावयाचे असतात. पण पावतीवरचा क्रमांक आणि खात्यावरचा क्रमांक जुळला नाही, तर बिल तेवढ्यासाठी अडून बसते.

२. डेटाबेस म्हणजे नेमके काय?

जुन्या पद्धतीत नोंदवही वेगळी, शेअर रजिस्टर वेगळे, वजनकाट्याचे पुस्तक वेगळे आणि बिलाचे खतावणी-पुस्तक वेगळे असे. एकाच सभासदाचे नाव चार ठिकाणी चार हातांनी लिहिले जाई. एकीकडे ज्ञानदेव, दुसरीकडे ज्ञानू, तिसरीकडे ज्ञानोबा. कारकून जुना असला की तो माणसाला ओळखत असे, म्हणून काम निभावून जाई.

यावर उपाय म्हणून १९७० साली आयबीएम कंपनीतील एडगर कॉड या संशोधकाने एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातला विचार आपल्या भाषेत सांगायचा तर असा : माहिती तक्त्यांत ठेवा. प्रत्येक गोष्ट एकाच ठिकाणी, एकदाच लिहा. प्रत्येक ओळीला ओळखीचा एक क्रमांक द्या, आणि एका तक्त्यातली माहिती दुसऱ्याशी जोडायची ती त्या क्रमांकाने जोडा.

आपल्या कामात हे असे बसते. पहिला तक्ता सभासदांचा : सभासद क्रमांक, नाव, गाव, बँक खाते. दुसरा तक्ता प्लॉटचा : प्लॉट क्रमांक, तो कोणत्या सभासद क्रमांकाचा, गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख. तिसरा तक्ता वजनकाट्याचा : पावती क्रमांक, प्लॉट क्रमांक, वजन. नाव एकाच जागी लिहिलेले. बाकी सगळीकडे क्रमांक. गावाचे नाव सुधारायचे झाले तर एकाच ठिकाणी सुधारावे, म्हणजे सगळीकडे सुधारते.

या विचारात काही खोट नाही. जगातल्या बँका, रेल्वे, विमा कंपन्या यांचे व्यवहार याच पायावर चालतात. निराशा झाली ती विचाराने नव्हे, तर टेबलावरच्या संगणकात तो ज्या साधनातून आला त्याने.

३. निराशा कुठे कुठे झाली?

(अ) तारीख उलटी झाली

गट ऑफिसांतून लागणीच्या नोंदी तक्त्याच्या फाईलींत येत आणि मुख्य कचेरीत त्या डेटाबेसमध्ये ओढल्या जात. आपण तारीख लिहितो ती दिवस, महिना, वर्ष अशी. अमेरिकेत आधी महिना लिहितात, मग दिवस. साधनाची मूळ बांधणी अमेरिकन पद्धतीची.

आता पाहा. १२ जुलैची लागण आपण १२/०७ अशी लिहिली. साधनाने ती वाचली बारावा महिना, सातवी तारीख, म्हणजे ७ डिसेंबर. आडसाली ऊस कागदावर एकदम सुरू होऊन बसला! १० जुलैची लागण ७ ऑक्टोबर झाली, म्हणजे पूर्वहंगामी. पण शेजारच्या बांधावरच्या सभासदाची लागण १८ जुलैची असेल, तर ती मात्र बरोबर राहिली. कारण अठरावा महिना नसतो, म्हणून साधनाने तिथे मुकाट्याने आपली पद्धत सोडली.

यातला घात लक्षात घ्या. सगळ्याच तारखा चुकल्या असत्या तर पहिल्याच दिवशी ओरड झाली असती. इथे महिन्याच्या १ ते १२ तारखांच्या लागणी उलट्या झाल्या आणि १३ ते ३१ च्या सुलट्या राहिल्या. त्यातही १ जानेवारी, ७ जुलै, ८ ऑगस्ट अशा तारखा उलटवल्या तरी तशाच राहतात. यादी वरवर चाळली तर सगळे ठीकच दिसे. शेतकी विभागाने जुनी नोंदवही शेजारी उघडून ओळीने ओळ ताडून पाहिली, तेव्हा हा प्रकार उघडकीस आला. साधनाने तोंडातून ब्र काढला नव्हता.

(आ) गट नंबराची तारीख झाली

तारखेची तारीख बिघडली हे एक. ज्याचा तारखेशी संबंध नाही त्याचीही तारीख झाली. गट नंबर १२, पोटहिस्सा १, हे आपण १२/१ असे लिहितो. तक्त्याच्या फाईलीत ते टाकले की यंत्राला वाटते ही तारीखच, आणि ते लगेच तिला दिवस-महिन्याचे रूप देते. मग गट नंबर शोधू जावे तर तो सापडत नाही. सभासद क्रमांक ००४५७ असेल तर पुढची दोन शून्ये गळून नुसता ४५७ राहतो. माणसाच्या लेखी दोन्ही एकच. यंत्राच्या लेखी एक अक्षरांचा, दुसरा आकड्यांचा, आणि जुळणी होत नाही.

(इ) क्षेत्राचा घोळ

आपल्याकडे बोलण्यात एकर-गुंठे आणि सात-बाऱ्यावर हेक्टर-आर. एक एकर वीस गुंठे हे बरेच जण १.२० असे लिहितात. एकर ४० गुंठ्यांचा, म्हणून हे क्षेत्र झाले दीड एकर. यंत्राला गुंठे ठाऊक नाहीत. त्याच्या हिशेबी १.२० म्हणजे एक आणि दोन दशांश. तो एकर धरला तर ४८ गुंठे, म्हणजे १२ गुंठे गायब. हेक्टर धरला तर १२० आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर.

समजा, एकरी ४० टन ऊस धरला. खरा अंदाज ६० टनांचा. पहिल्या वाचनात तो ४८ टन होतो, दुसऱ्यात सुमारे ११९ टन. एका प्लॉटवर एवढा फरक, मग गटाच्या बेरजेवर भरवसा कसा ठेवावा? टोळी किती दिवस लागेल याचा हिशेबच कोलमडतो.

आणखी एक बारीक गोष्ट. ०.४० हेक्टर म्हणजे ४० आर, साधारण एक एकर. यंत्र शेवटचे शून्य निरर्थक समजून ०.४ असे छापते. वाचणारा त्याला चार आर समजून बसला, की एकराचे चार गुंठे व्हायला वेळ लागत नाही.

(ई) मराठी नावांची परवड

संगणकाच्या सुरुवातीच्या काळात मराठी टंकांची ठरीव पद्धत सर्वत्र पाळली जात नसे. पडद्यावर मराठी अक्षर दिसे, पण आत साठवलेले असे इंग्रजी अक्षराचे चिन्ह. तो टंक ज्या संगणकावर नाही तिथे तीच फाईल उघडली की नावांच्या जागी अगम्य चिन्हे. अकारविल्हे यादी काढावी तर क्रम भलताच. पुढे १९९१ साली युनिकोड या जागतिक पद्धतीची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरीला जागा होती. हळूहळू गाडी रुळावर आली.

तरी दुखणे पुरते गेले नाही. 'गोऱ्हे', 'कऱ्हाड' यांतला अर्धा 'र' युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही अक्षरे सारखीच दिसतात. यंत्राला ती वेगळी. मग एका कारकुनाने टाकलेले गाव दुसऱ्याला शोधून सापडत नाही, आणि "तुमची नोंदच नाही" असे उत्तर सभासदाला ऐकावे लागते. नावावरून शोधणे किती बेभरवशाचे आहे हे यावरून कळावे.

(उ) एक फाईल, अनेक हात

डेस्कटॉपवर चालणाऱ्या बऱ्याच साधनांत सगळी माहिती एकाच फाईलीत असते, आणि कचेरीतले सगळे संगणक तारेवरून तीच फाईल उघडतात. दोघे-तिघे काम करीत असतील तोवर ठीक. हंगामाच्या तोंडावर सगळी टेबले एकदम कामाला लागली, की एकाने उघडलेली ओळ दुसऱ्याला बंद. "नोंद दुसऱ्याच्या वापरात आहे" एवढा निरोप येतो आणि सभासद खिडकीपाशी उभा राहतो. अशात वीज गेली किंवा तार निसटली, तर अर्धवट लिहिलेली फाईल बिघडते. मग ती दुरुस्त होईपर्यंत सगळेच ठप्प. शिवाय अशा फाईलीला आकाराची मर्यादा असते. सर्वत्र वापरात असलेल्या एका साधनात ती २ गिगाबाइट आहे. प्लॉटचे फोटो, सात-बाऱ्याच्या प्रती त्यातच साठवू लागले, की ती मर्यादा दूर राहत नाही.

४. हा अनुभव जगभरचा आहे

आपल्याच वाट्याला हे आले असे कोणी समजू नये. १९८० च्या दशकात डेस्कटॉप संगणकावर डीबेस नावाच्या साधनाचे राज्य होते. अमेरिकेतील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या वेन रॅटलिफ यांनी त्याचे मूळ रूप लिहिले आणि ॲश्टन-टेट या कंपनीने ते बाजारात आणले. १९८४ च्या डीबेस तीन या आवृत्तीने मोठे नाव कमावले. छोट्या कचेऱ्यांना पहिल्यांदाच आपली माहिती आपल्या टेबलावर ठेवता आली.

त्यानंतर १९८८ साली डीबेस चार आले. आधी जाहिरात मोठी, आशा मोठी. प्रत्यक्षात साधन संथ आणि दोषांनी भरलेले निघाले. दुरुस्त आवृत्ती यायला १९९० साल उजाडले. तोवर पुष्कळ लोक दुसऱ्या साधनांकडे वळले होते. १९९१ साली ॲश्टन-टेट ही कंपनीच बोरलँड या दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. ज्यांनी आपला सगळा कारभार एका साधनावर टाकला होता त्यांना माहिती बाहेर काढून दुसरीकडे नेण्याची यातायात करावी लागली.

फॉक्सप्रो हे त्याच घराण्यातले दुसरे साधन. आपल्याकडच्या अनेक कचेऱ्यांत ते वर्षानुवर्षे चालले. नवीन आवृत्ती काढणार नाही, असे मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००७ मध्ये जाहीर केले आणि जानेवारी २०१५ मध्ये शेवटच्या आवृत्तीचा पाठिंबाही संपला. साधन चांगले असले तरी त्याचे आयुष्य आपल्या हाती नसते, हे यातून दिसते.

आणखी ताजे उदाहरण इंग्लंडचे. कोरोनाच्या साथीत २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातील १५,८४१ बाधित रुग्णांच्या नोंदी तिथल्या दैनंदिन आकड्यांतून सुटल्या. प्रयोगशाळांची माहिती जुन्या पद्धतीच्या तक्ता-फाईलीत ओढली जात होती, आणि तशा फाईलीत ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी बसत नाहीत. वरच्या ओळी गळून पडल्या. त्या रुग्णांच्या संपर्कात कोण कोण आले होते त्यांचा शोध घेणे तेवढे दिवस लांबले. नव्या पद्धतीच्या फाईलीत १०,४८,५७६ ओळी बसतात. पण फाईल जुनी, आणि मर्यादा ओलांडल्याचे वेळेवर कोणाच्या लक्षात आले नाही.

तारखेचा घोळ तर शास्त्रज्ञांनाही चुकला नाही. मानवी जनुकांपैकी काहींची संक्षिप्त नावे 'मार्च १', 'सप्टें १' अशी वाचली जाण्यासारखी होती. तक्त्याच्या फाईलीत टाकली की त्यांची तारीख होई. अखेर यंत्र सुधारण्याची वाट न पाहता जनुकांना नावे देणाऱ्या समितीने ती नावेच बदलली. हे २०२० साली जाहीर झाले. मग आपल्या गट नंबराची काय कथा?

५. तर मग वहीच बरी होती काय?

काही सभासद म्हणतात, "जुनी वहीच झकास होती." त्यांचे म्हणणे आम्ही समजू शकतो, पण ते सगळेच बरोबर नाही. वहीतून को ८६०३२ जातीचे एकूण क्षेत्र काढायचे झाले तर दोन-तीन माणसांचे कित्येक दिवस जात. आता ती बेरीज काही मिनिटांत निघते. एकाच प्लॉटची दोनदा नोंद झाली तर वहीत ती महिनोन् महिने लपून राही. यंत्राला सांगून ठेवले तर ते दुसरी नोंद घेतच नाही. वही भिजते, फाटते, वाळवी लागते. हे फायदे खरे आहेत आणि ते सोडून मागे जाण्यात शहाणपण नाही.

पण यंत्राला ऊस कळत नाही. जुना कारकून १२ जुलैची लागण डिसेंबरमध्ये लिहिलेली पाहून थबकला असता. "अहो, यांचा ऊस तर मी दसऱ्याला कमरेएवढा पाहिला," असे म्हणाला असता. यंत्र थबकत नाही. दिले ते घेते, आणि सुबक छापून परत देते. छापील अक्षर दिसले की आपणही ते खरे मानतो. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून या सगळ्या निराशेचा निष्कर्ष एकच : नोंद खरी आहे की नाही हे ठरवणारा माणूस यंत्राच्या आत नाही. तो शेतावर आहे. आपल्या प्लॉटची लागण कधी झाली हे सर्वांत पक्के ठाऊक असते ते सभासदाला. त्याने पावती वाचली तर चूक जुलैतच सापडते. वाचली नाही तर ती फेब्रुवारीत सापडते, आणि तोवर वेळ गेलेली असते.

६. कचेरीत पाळावयाची पद्धत

साधन कोणतेही असो, पुढील गोष्टी पाळल्या तर वरचे बहुतेक धोके टळतात. शेतकी विभागाने त्या ठरवून घेतल्या आहेत.

(१) लागणीच्या तारखेतला महिना अक्षरांत लिहावयाचा : १२ जुलै २०२५. महिना शब्दांत असला की उलटापालट होत नाही.

(२) क्षेत्र फक्त आरमध्ये आणि पूर्णांकात : ६१ आर. दशांश चिन्हच नको. एक गुंठा म्हणजे जवळजवळ एक आर, त्यामुळे सभासदालाही ते पटकन कळते.

(३) गट नंबर आणि पोटहिस्सा वेगवेगळ्या रकान्यांत. मध्ये तिरकी रेघ नाही.

(४) शोध घेताना आधी सभासद क्रमांक, मग नाव. नाव केवळ ताळा पाहण्यासाठी.

(५) फाईल ओढल्यानंतर पाठवलेल्या ओळी आणि पोहोचलेल्या ओळी मोजून जुळवायच्या. गटाने जेवढ्या नोंदी पाठवल्या तेवढ्याच आल्या पाहिजेत. क्षेत्राची बेरीजही जुळली पाहिजे.

(६) रोज संध्याकाळी माहितीची प्रत काढायची आणि ती दुसऱ्या इमारतीत ठेवायची. महिन्यातून एकदा ती प्रत उघडूनही पाहायची. न उघडलेली प्रत म्हणजे न उगवलेले बेणे. भरवसा धरता येत नाही.

(७) स्थळपाहणीची कागदी नोंद, सभासदाच्या सहीसह, हंगाम संपून बिल चुकते होईपर्यंत जपायची.

ज्या कचेऱ्यांत एकाच वेळी अनेक जण काम करतात तिथे एका फाईलीवर चालणाऱ्या साधनाऐवजी स्वतंत्र सर्व्हरवर चालणारा डेटाबेस लागतो. त्यात माहिती एका यंत्राच्या ताब्यात असते आणि बाकीचे संगणक त्याच्याकडे मागणी करतात, फाईलीला हात लावीत नाहीत. वीज गेली तर अर्धवट झालेला व्यवहार तो आपोआप रद्द करतो. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल अशी साधने विनामूल्यही मिळतात. मात्र ती चालवायला जाणता माणूस लागतो, त्याचा पगार धरूनच हिशेब करावा.

७. पावती हातात आल्यावर सभासदाने काय पाहावे?

पावती खिशात घालण्यापूर्वी पाच गोष्टी वाचाव्यात. वाचता येत नसेल तर मुलाकडून, सुनेकडून वाचून घ्याव्यात.

पहिली, सभासद क्रमांक. शेअर सर्टिफिकेटवरचा आणि हा एकच आहे ना?

दुसरी, लागणीची तारीख. महिना कोणता छापला आहे? आणि शेजारी हंगाम कोणता लिहिला आहे : आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा? तारीख आणि हंगाम यांचा मेळ बसत नसेल तर तिथेच थांबावे.

तिसरी, क्षेत्र. आरचे गुंठे करून पाहावे. दीड एकराला ६० च्या आसपास आकडा हवा.

चौथी, जात. को ८६०३२ आणि कोएम ०२६५ यांत गल्लत झाली तर पाळीवर परिणाम होतो.

पाचवी, गट नंबर. सात-बारा समोर ठेवून ताडावा.

यांत काही फरक दिसला तर तोंडी सांगून निघून जाऊ नये. गट ऑफिसात दुरुस्तीचा अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि दुरुस्त झालेली पावती मागून घ्यावी. जुनी पावती फाडू नये.

८. शंका-समाधान

शंका : आमच्या गावात एकाच नावाचे तिघे आहेत. बिल भलत्याच्या खात्यावर जाईल काय?
समाधान : सर्व व्यवहार सभासद क्रमांकावर चालत असेल तर जाणार नाही. तोडणीच्या वेळी चिटबॉयला नाव सांगण्याऐवजी पावतीच दाखवावी.

शंका : आता मोबाईलवर नोंद होते, प्लॉटचा नकाशाही निघतो. मग हे सगळे कशाला पाहायचे?
समाधान : नकाशाने क्षेत्राचा प्रश्न बराच सुटतो. पण लागणीची तारीख आणि जात माणूसच भरतो. त्या दोन गोष्टी नोंदीच्या वेळी स्वतः प्लॉटवर हजर राहून सांगाव्यात.

शंका : नोंद चुकली हे तोडणीच्या वेळी कळले तर?
समाधान : सहीची स्थळपाहणी नोंद आणि आपल्याकडची पावती दाखवावी. त्यावरून वय ठरवता येते. पण तोवर टोळ्यांची वाटणी झालेली असते, म्हणून उशीर टाळता येईलच असे सांगवत नाही. यासाठीच जुलै-ऑगस्टच्या लागणीची पावती दिवाळीपूर्वी तपासून घ्यावी.

शंका : संगणक बंद पडला तर आमच्या नोंदीचे काय?
समाधान : रोजची प्रत आणि कागदी नोंद दोन्ही जवळ असतात. तरीही आपली पावती आपण जपलेली बरी.

सभासदांनो, नवीन बेणे आणताना आपण ते डोळे झाकून लावीत नाही. डोळे पाहतो, कांडी पाहतो, किडकी काढून टाकतो, मगच सरीत ठेवतो. संगणकाच्या पावतीलाही तेवढीच पारख हवी. या हंगामाच्या पावत्या गटवार वाटल्या जात आहेत. आपली पावती या आठवड्यात वाचून काढावी आणि शेजाऱ्यालाही वाचायला सांगावे, अशी विनंती आहे.

— ऊस विकास अधिकारी